झाकणाच्या मापाने तणनाशक मारणं बंद करा



मृग तोंडावर आलाय. वसमतच्या मोंढ्यात बियाण्याच्या बॅगा उतरायला लागल्यात. आता महिनाभर बियाण्याचा भाव, खताचं लिंकिंग, पावसाचा अंदाज यावर सगळे बोलतील. बोलायलाच पाहिजे. पण पेरणी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी जो घोळ दरवर्षी होतो, त्यावर आधी कुणी बोलत नाही. झाल्यावर मात्र पारावर बसून सगळे बोलतात. म्हणून मी आजच लिहितोय. विषय आहे सोयाबीनमधलं तणनाशक. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

दुकानाच्या काउंटरवरचं बोलणं तुमच्या ओळखीचं आहे.

"भाऊ, सोयाबीनमधलं गवत मारायचं औषध द्या."
"हे घ्या. पंपाला दीड झाकण."
"तण राहणार नाही ना?"
"दोन झाकण टाका, मग बघा."

संपला सल्ला. कोणता पंप, किती लिटरचा? कोणत्या बाटलीचं झाकण? रान किती? पीक किती दिवसांचं? तण गवताचं की रुंद पानाचं? आंतरपीक तूर आहे का? काहीही विचारलं जात नाही. आपणही सांगत नाही.

मंडळी, तणनाशकाचा डोस एकराला असतो. पंपाला नसतो आणि झाकणाला तर नसतोच. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर या पोस्टचं काम झालं.

माझ्याच घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा चुलतभाऊ, आमची रानं बांधाला बांध लागून. एकाच दुकानातून इमाझेथापायर आणलं, एकाच दिवशी मारलं. दुकानदाराने दोघांनाही सांगितलं होतं, पंपाला ४० मिली. आम्ही दोघांनीही तेवढंच टाकलं. भावाकडचा गडी पळत पळत फवारणारा. त्याने एक एकर सात पंपात उरकला. माझ्याकडे दुसरा गडी, सावकाश चालणारा, एकच जागा दोनदा भिजवणारा. त्याने एकराला चौदा पंप लावले.

आता हिशेब करा. सात पंप गुणिले ४० म्हणजे २८० मिली. चौदा पंप गुणिले ४० म्हणजे ५६० मिली. इमाझेथापायर १० टक्क्याची शिफारस आहे हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. भावाच्या रानात तण पिवळं पडलं आणि आठवड्यात परत हिरवंगार झालं. माझं सोयाबीन पिवळं पडून वाढायचं थांबलं. दोघांनी तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, दोन्ही रानं फिरला आणि दोघांनाही एकच सांगून गेला, "तुमचा डोस चुकला."

राग आला. पण खरं सांगू का, तो बरोबर बोलत होता. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता ही बातमी आठवा. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या विदिशा जिल्ह्यात तणनाशक मारल्यावर सोयाबीनच जळाल्याची तक्रार झाली. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान स्वतः त्या शेतात उतरले, चौकशी लावली. चांगली गोष्ट झाली. पण आपल्या रानात कोण मंत्री येणार आहे? आपल्याकडे येतो तो कंपनीचा प्रतिनिधी, आणि त्याचं वाक्य ठरलेलं असतं. माल बोगस असला तरी तो म्हणणार डोस चुकला, आणि आपण झाकणाने मोजलेलं असलं की आपली तक्रार तिथेच मेली. माप बरोबर असलं तर पीक वाचतं. शिवाय उद्या भांडायची वेळ आली तर तेच माप आपला पुरावा होतं. झाकण हा काही पुरावा नाही.

मग माप कसं काढायचं? मे महिन्यातच, अर्ध्या तासात होतं. रानात एक गुंठा आखा, ३३ फूट बाय ३३ फूट. पंपात मोजून साधं पाणी भरा. जो गडी फवारणार आहे त्यालाच, त्याच्या नेहमीच्या चालीने, त्याच नोझलने तो गुंठा फवारायला लावा. मग बघा पाणी किती लागलं. चार लिटर लागलं तर एकराला १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे दहा पंप. एकरी ४०० मिली भागिले दहा, म्हणजे पंपाला ४० मिली. पाच लिटर लागलं तर एकराला २०० लिटर, साडेबारा पंप, पंपाला ३२ मिली. गडी बदलला, नोझल बदललं, पंप बदलला की माप परत काढा. यात कृषी पदवी लागत नाही. चौथीचा भागाकार लागतो.

पाठीवरच्या पंपाने एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, हेक्टरी ५००. "सहा पंपात एकर मारला" हे आपल्याकडे फुशारकीने सांगतात. त्यात फुशारकी कसली? अर्धं तण कोरडं राहिलं एवढाच त्याचा अर्थ. नोझल पट्टा पाडणारं हवं, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. किडीच्या औषधाचं गोल फवारा मारणारं नोझल तणनाशकाला चालत नाही. पाणी स्वच्छ पाहिजे, नाल्यातलं गढूळ नको.

आता लेबलचं बघू. लेबलवर डोस असतो हेक्टरात. आपण मोजतो एकरात आणि गुंठ्यात. "एक लिटर" वाचून एकराला लिटर ओतणारे मी पाहिलेत, म्हणजे सरळ अडीच पट. आणि ती माहितीपत्रिका! मराठीत असते खरी, पण अक्षर मुंगीएवढं. साठीच्या माणसाने चष्मा लावून, भिंग घेऊनही वाचता येत नाही. कंपन्यांना रंगीत पोस्टर छापायला, गाडीवर भोंगा लावून गावोगाव फिरायला पैसे आहेत. एकरी डोस ठळक मराठीत छापायला नाहीत का?

पुडीतल्या औषधाचं तर विचारूच नका. डायक्लोसुलम ८४ टक्के एकरी १२.४ ग्रॅम. क्लोरिम्युरॉन इथाइल २५ टक्के हेक्टरी ३६ ग्रॅम, म्हणजे एकरी १५ ग्रॅमच्या आत. एवढीशी पुडी अख्ख्या एकराला पुरवायची असते. आपण काय करतो? चिमटीने टाकतो. पहिल्या पंपात जास्त, शेवटच्या पंपात उरलंसुरलं. रानात गेलं की पट्टे दिसतात, इथे पीक करपलेलं, तिथे तण जोमात. अख्खी पुडी आधी मोजलेल्या पाण्यात विरघळवा. दहा पंप लागणार असतील तर दहा लिटर पाण्यात, आणि प्रत्येक पंपाला ढवळून एक-एक लिटर घ्या. बस, एवढंच.

डोस झाला. आता वेळ. नुकसान डोसने होतं त्यापेक्षा वेळ चुकल्याने जास्त होतं.

तणनाशकं दोन वेळची असतात. एक पेरणीनंतर लगेच, उगवणीच्या आधी मारायची. डायक्लोसुलम, पेंडिमेथालिन, सल्फेन्ट्राझोन ही त्यातली. पेरल्यापासून ४८ तासांत, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत, आणि जमिनीत ओल असताना. पाचव्या दिवशी कोंब वर यायला लागल्यावर "आज पाऊस उघडला" म्हणून मारलं तर चटका पिकालाच बसतो. फवारताना मागे मागे सरकत जायचं, म्हणजे पायाने तो थर मोडत नाही.

दुसरी उगवणीनंतरची. इमाझेथापायर, क्विझालोफॉप इथाइल आणि आता बाजारात आलेली जोड औषधं. पीक १५ ते २० दिवसांचं असताना, तण दोन ते चार पानांवर असताना. दिवसापेक्षा तणाची पानं मोजणं जास्त महत्त्वाचं.

आपण काय करतो? "सगळं तण उगवू दे, मग एकदाच मारू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ते शहाणपण तणाच्या कामी येतं. तीस-पस्तीस दिवसांनी केना फुटून पसरलेला असतो, पेराला पेर मुळ्या धरलेल्या असतात. कुंजरू, कोंबडा गुडघ्याला लागलेला. सोयाबीनची पानं तणावर छत्रीसारखी, औषध खाली पोचतच नाही. आणि तोवर आपण पेरलेलं खत तणाने खाऊन झालेलं असतं. सोयाबीनचे पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवायचे, असं कृषी विद्यापीठं कधीपासून सांगतायत. ते दिवस गेल्यावर तण मारलं तरी रान फक्त दिसायला स्वच्छ होतं. शेंगा कमी व्हायच्या त्या झालेल्याच असतात.

मग सुरू होतो डबल डोस. पानं जळतात, तण खालून परत फुटतं, आणि आपण म्हणतो औषध पाणचट आहे. उशीर झाला असेल तर खुरपं लावा. उशिराची भरपाई डोस वाढवून होत नाही.

तण ओळखल्याशिवाय औषधही मागू नका. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तण मारतं. ते मारून केना मरायची वाट बघणारे आमच्या शिवारात दरसाल असतात. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठी असतात. वरचं पान जळालं तरी गाठ जिवंत राहते. तूर आंतरपीक असेल तर लेबलवर दोन्ही पिकांची नावं आहेत का ते बघा, नसतील तर ते औषध घेऊ नका. आणि ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनवर मारायचं नसतं. परदेशात मारतात ते तिकडच्या जीएम सोयाबीनवर. आपल्याकडे तसं बियाणं लागवडीला मंजूरच नाही. व्हॉट्सॲपवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून प्रयोग करू नका.

अजून एक. इमाझेथापायर, क्लोरिम्युरॉन, डायक्लोसुलम ही नावं तीन आहेत, बाटल्या-पुड्या वेगळ्या आहेत, पण तण मारायची त्यांची तऱ्हा एकच आहे. वर्षानुवर्षं यातलंच काहीतरी, तेही कमी डोसने मारत राहिलो तर जे तण वाचतं त्याचंच बी रानात पडतं. पंजाब-हरियाणात गव्हात हेच झालं. एकाच तणनाशकावर भिस्त ठेवली आणि १९९० च्या दशकात तिथला गुल्ली डंडा त्या औषधाला दाद देईना. ती पाळी आपल्यावर आणायची का?

आणि आपल्या तालुक्याची खास गोष्ट विसरू नका. आपण हळदवाले आहोत. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण सोयाबीनवरच्या फवारणीच्या वेळी बांधापलीकडे हळद कोंब धरून उभी असते. वाऱ्यात फवारलं की तुमचं औषध शेजाऱ्याच्या हळदीवर, आणि मग भावाभावांत भांडण, पोलीस पाटलापर्यंत. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तोच पंप नुसता विसळून हळदीवर, कापसावर किडीचं औषध मारायचं, हा धंदा बंद करा. डबल डोस मारणाऱ्यांनी रब्बीचाही विचार करावा. यातल्या काही औषधांचा अंश जमिनीत राहतो, आणि मागून पेरलेल्या ज्वारीला तो भोवू शकतो.

आता मला कमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे. उत्तर आधीच देतो.

पहिले येतील विषमुक्तवाले. "तणनाशकच कशाला? डवरा मारा, खुरपा." भाऊ, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. डवरणी-खुरपणीसारखं दुसरं काही नाही. पण काळ्या रानात जुलैची झड लागली की दहा-दहा दिवस वापसा येत नाही, औत रानात घालता येत नाही. आणि खुरपतं कोण? आपल्या आया-बहिणी. कंबर त्यांची मोडते आणि सल्ला आपण देतो. एक फवारणी वेळेत, मग वापसा आला की एक डवरणी, हे आपल्या रानाला जमणारं आहे. तणनाशकाची सुट्टी करता आली तर आनंदच आहे. तोवर निदान मोजून मारा.

दुसरे येतील दुकानदार मित्र. "शेतकरीच म्हणतो कडक द्या, स्वस्त द्या, उधार द्या." अर्धं खरं आहे. आपलंही चुकतं, ते मी वर कबूल केलं. पण तुमच्या दुकानात परवाना लावलेला आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम खास कृषी विक्रेत्यांसाठी आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो केलाय. मग तिथे शिकलेलं काउंटरवर का दिसत नाही? चांगले दुकानदारही आहेत, जे पीक किती दिवसांचं विचारल्याशिवाय बाटली काढत नाहीत. बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

तिसरे येतील साहेब. "मनुष्यबळ नाही, गावं जास्त, ऑनलाइनची कामं फार." कबूल. कृषी सहायकाच्या अंगावर कामं किती टाकलीत ते आम्ही बघतो. पण परभणीचं कृषी विद्यापीठ आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जिल्ह्यात तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. एवढं असताना एका गावात एक गुंठा आखून, पंपात पाणी भरून, अर्धा तास प्रात्यक्षिक दाखवायला किती मनुष्यबळ लागतं? पेरणीआधी प्रत्येक गावात एक सकाळ. एवढंच मागतोय.

पैशाचं सांगतो, म्हणजे विषय किती मोठा आहे ते कळेल. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. मोंढ्यात त्याच्याही खाली विकलंय आपण, ते तुम्हाला माहीत आहे. तणाने एकरी दोन क्विंटल खाल्लं तर हमीभावानेच १०,६५६ रुपये गेले. भाव आपल्या हातात नाही, पाऊसही नाही. माप मात्र आपल्या हातात आहे, आणि तेच आपण झाकणावर सोडलंय.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

दुकानदारांकडे: पक्कं बिल द्या, बॅच नंबरसहित. बिल देणं हे तुमचं बंधन आहे, उपकार नाहीत. त्याच बिलाच्या मागे पिकाचं वय, एकरी डोस आणि मारायची मुदत हाताने लिहून द्या. "पंपाला दीड झाकण" हे बोलणं यंदापासून बंद.

कंपन्यांकडे: एकरी डोस ठळक मराठीत छापा आणि बाटलीसोबत मिलीच्या खुणा असलेलं माप द्या.

कृषी खात्याकडे: पेरणीआधी गावोगाव गुंठ्याचं प्रात्यक्षिक घ्या, आणि संशय आलेल्या मालाचा नमुना हंगाम चालू असताना घ्या, दिवाळीनंतर नको.

आणि आपल्याकडे, म्हणजे शेतकऱ्यांकडे: मोजायचं माप विकत आणा, फार महाग नसतं. फवारणीची तारीख, पंप किती लागले, पंपाला किती मिली, हे वहीत लिहा. बाटली आणि बिल पीक निघेपर्यंत सांभाळा. रानाच्या कडेला एक गुंठा न फवारता सोडा. औषधाने काय केलं आणि काय नाही, ते तो गुंठा सांगतो. गडबड वाटली तर तोंडी बोलू नका, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आवक नंबर घ्या. बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय की शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. पण मंचात कागद लागतो.

गेल्या वर्षी भावाने आणि मी, आम्ही दोघांनी मिळून एक माप आणलं, गुंठा आखला, गड्यांना चालवून बघितलं. त्याच्या गड्याला पंपाला जास्त लागलं, माझ्याच्याला कमी. रानं दोन्ही स्वच्छ राहिली आणि कंपनीच्या माणसाला बोलवायची वेळच आली नाही.

ही पोस्ट कुरुंदा, हट्टा, गिरगाव, सगळ्या सर्कलच्या गावातल्या ग्रुपवर टाका. ज्याच्याकडे फोन नाही त्याला पारावर वाचून दाखवा. चुकलं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त भांडा, फक्त भांडताना तुमच्या रानात एकराला किती पंप लागतात तो आकडा लिहा. आकडा माहीत नसेल तर आधी तो काढून या, मग भांडू.